सूनबाईचा रिपोर्ट आणि मुलाचं रक्त

"डॉक्टरबाई, नमस्कार. सूनबाईला दिवस गेलेत, दहावा आठवडा चालू आहे. हिमोग्लोबिन १०.१ निघालं. वाटलं, गोळ्या देतील. पण आमच्या डॉक्टरांनी आणखी एक रक्त तपासायला पाठवलं आणि म्हणाले, हिला थॅलेसेमिया मायनर आहे, आता नवऱ्याचंही रक्त तपासा, उशीर करू नका. मुलगा ऐकत नाही. त्याचं हिमोग्लोबिन १४ आहे, वर्षातून दोनदा रक्तदान करतो, त्याला काय झालंय? आमच्या घराण्यात असलं काही नाही. मोठ्या दिरांचा मुलगा तेवढा लहानपणी हातपाय दुखून रडायचा, डोळे पिवळे व्हायचे, बाराव्या वर्षी गेला. पण तो संधिवात होता म्हणतात. मला राहून राहून वाटतं, सुनेच्या माहेरच्यांनी लग्नाआधी हे लपवलं. आता मुलीसाठी स्थळं पाहतोय. गावात बोभाटा झाला तर तिचं कसं व्हायचं? सून काही बोलत नाही, खोलीत जाऊन रडते. रिपोर्टचे फोटो सोबत पाठवतेय. काय करू?"
– एक सासू, वर्धा जिल्हा

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी कॅलेंडर काढलं. पत्रावरच्या तारखेला दहावा आठवडा होता, म्हणजे हे उत्तर तुम्ही वाचाल तेव्हा बारावा लागत आलेला असेल. म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. मुलाचं रक्त याच आठवड्यात तपासा. तपासणीचं नाव एचपीएलसी, रक्तात हिमोग्लोबिनचे कोणते प्रकार किती आहेत ते ती मोजते. डॉक्टरांकडून तेवढं चिठ्ठीवर लिहून घ्या आणि लॅबमध्ये द्या. दंडातून थोडंसं रक्त घेतात, उपाशीपोटी जायचीही गरज नाही. मुलाला आज संध्याकाळी पाठवता आलं तर आजच पाठवा, आणि मग हे पुढचं सावकाश वाचा.

आता रिपोर्ट. सुनेचा पहिला कागद समोर घ्या. हिमोग्लोबिन १०.१. गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की आपण सगळे लोहाच्या गोळीकडे हात नेतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण त्याच कागदावर खाली आणखी दोन आकडे आहेत, ते तुमच्या डॉक्टरांनी पाहिले. लाल पेशींची संख्या ५१ लाख, आणि पेशीचा आकार सांगणारा एमसीव्ही ६३. आकार ८० च्या वर हवा. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही सहसा घटते. इथे पेशी भरपूर आहेत, पण चिमुकल्या आहेत. पोतं भरलेलं, पण दाणा बारीक. हा नमुना दिसला की थॅलेसेमियाची शंका घ्यायची असते. त्यांनी ती घेतली, पुढची तपासणी केली, आणि एचबीए२ नावाचा हिमोग्लोबिनचा प्रकार, जो साडेतीन टक्क्यांच्या आत असायला हवा, तो ५.४ निघाला. यावर शंका उरत नाही. दिवसाला ऐंशी पेशंट पाहणाऱ्या फॅमिली डॉक्टरांनी हे पकडलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. तुम्ही त्यांच्यावर वैतागला आहात. वैतागू नका.

मी हे पकडलं नव्हतं. दवाखाना सुरू करून तीन-चार वर्षं झाली होती. एक मुलगी यायची, कायम फिकी, दमलेली. मी लोहाच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन हललं नाही, तर गोळी बदलली. लग्न झालं, दिवस गेले, तरी माझं तेच चालू. तिचं बाळ आठव्या महिन्यात माझ्याकडे आणलं तेव्हा पांढरंफटक होतं आणि पोट फुगलं होतं, पानथरी बेंबीपर्यंत हाताला लागत होती. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयारच होत नाही असा जन्मजात आजार. त्या मुलीचं केसपेपरचं कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर माझ्याच अक्षरात पाच वेळा लिहिलंय, 'लोह चालू ठेवा'. तिच्या नवऱ्याचं रक्त मी एकदाही मागितलं नव्हतं. तुमच्या डॉक्टरांनी मागितलं आहे.

मायनर आणि मेजर या दोन शब्दांनी घराघरात घोळ होतो, म्हणून तो आधी निस्तरते. मायनर म्हणजे लहान आजार आणि तो वाढून मेजर होतो, असं अजिबात नाही. सूनबाई वाहक आहे. जन्मापासून तशीच आहे आणि म्हातारपणापर्यंत तशीच राहणार, धडधाकट. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. तिची एक प्रत बिघडलेली आहे, दुसरी चांगली आहे आणि ती चांगली प्रत काम भागवते. आपल्या देशात शंभरात तीन-चार माणसं अशी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकच नाही, कारण काही दुखत नाही, खुपत नाही.

म्हणूनच माहेरच्यांनी लपवलं हा विचार मनातून काढा. लपवायला आधी माहीत असावं लागतं. तिच्या आईवडिलांपैकी एकजण नक्कीच वाहक आहे, आणि मी खात्रीने सांगते, त्यांनाही हे तुमच्यासोबतच कळलं असणार. सूनबाईलासुद्धा त्या दिवशी डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसूनच कळलं. पोटात बाळ असताना. आणि घरी आल्यावर तिला काय ऐकायला मिळालं असेल, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ती खोलीत जाऊन रडते एवढं मात्र लिहिलंत. ते लिहिलंत म्हणून मला तुमच्याशी मोकळेपणाने बोलावंसं वाटलं.

हे जनुक आपल्या रक्तात आलं कुठून, तेही ऐका. वाहक माणसाला हिवतापाचा घातक झटका कमी बसतो. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९४९ साली थॅलेसेमियाबद्दल हा तर्क मांडला आणि पुढे तो खरा ठरला. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा हिमोग्लोबिनचा दुसरा बिघाड, त्याचंही तसंच आहे. डासांच्या आणि जंगलाच्या मुलखात ज्या पूर्वजांकडे ही एक बिघडलेली प्रत होती, ते तापातून तगले आणि त्यांचा वंश पुढे चालला. सुनेच्या माहेरी हे कलंक म्हणून आलेलं नाही. तिचे पूर्वज याच्यामुळे जगले.

आता तुमचा मुलगा. हिमोग्लोबिन १४ आहे म्हणून तपासणी नको, हे त्याचं म्हणणं वरवर पटण्यासारखं आहे, पण ते चूक आहे. सिकलसेलच्या वाहकाचं, ज्याला आपल्याकडे सगळे 'एएस' म्हणतात, हिमोग्लोबिन अगदी १५ सुद्धा असतं. पेशींचा आकारही ठीक असतो. सीबीसीत, म्हणजे पेशी मोजायच्या साध्या रक्त तपासणीत, काहीच दिसत नाही. आणि रक्तदानाच्या वेळी रक्तपेढी एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग आणि हिवताप तपासते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया तिथे तपासत नाहीत. वर्षानुवर्षं रक्तदान करणारे कितीतरी एएस मी पाहिलेत.

आणि ताई, पत्रातली एक ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी तिथे थांबले. मोठ्या दिरांचा मुलगा. हातपाय दुखून रडणारा, डोळे पिवळे होणारा, बाराव्या वर्षी गेलेला. आपल्या विदर्भात, एवढ्या वर्षांपूर्वी, अशा कितीतरी मुलांच्या कागदावर संधिवात लिहिलं गेलं आणि तो सिकलसेल होता. पत्रावरून मी निदान करणार नाही, ते योग्यही नाही. पण जर तो सिकलसेल असेल, तर त्याचे आई आणि बाप दोघंही वाहक असणार, त्याशिवाय तसं मूल होत नाही. म्हणजे तुमचे मोठे दीर वाहक. मग त्यांचे सख्खे भाऊ, म्हणजे तुमचे यजमान, वाहक असण्याची शक्यता निम्मी. आणि त्यांच्यापासून तुमचा मुलगा वाहक असण्याची त्याच्याही निम्मी, म्हणजे चारात एक. घराण्यात काही नाही असं तुम्ही लिहिलंत, आणि पुढच्याच वाक्यात त्या लेकराचं लिहिलंत.

इथेच आपल्या भागातली खरी मेख आहे. लोकांना वाटतं, सुनेला थॅलेसेमिया, मुलाला असलंच तर सिकलसेल, दोन वेगळ्या गोष्टी, मग बाळाला काय होणार? दोन्ही बिघाड एकाच जनुकातले आहेत. आईकडून थॅलेसेमियाची प्रत आणि बापाकडून सिकलची प्रत आली, तर बाळाकडे चांगली प्रत एकही उरत नाही. त्या आजाराला सिकल-थॅलेसेमिया म्हणतात. कुणाला तो सौम्य असतो, कुणाला अगदी सिकलसेलच्या 'एसएस', म्हणजे दोन्ही प्रती सिकलच्या असलेल्या रुग्णासारखा, वेदनेचे झटके देणारा. म्हणून मी एचपीएलसीच म्हणते आहे. गावातल्या शिबिरात किंवा आरोग्य केंद्रात जी सोल्युबिलिटीची झटपट तपासणी होते, ती फक्त सिकल आहे का एवढंच सांगते. ती निगेटिव्ह आली म्हणून थॅलेसेमिया नाही असं होत नाही. एचपीएलसीत दोन्ही कळतात, शिवाय हिमोग्लोबिन ई, डी असले प्रकारही कळतात. खर्चाचा प्रश्न असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची असं त्यात ठरलं आहे आणि आपल्या जिल्ह्यांत ते काम चालू आहे. मात्र तिथे गेलात तर सुनेचा थॅलेसेमियाचा रिपोर्ट दाखवा आणि एचपीएलसीच हवं असं सांगा.

कुणी नातेवाईक पुण्याहून थुंकीची डीएनए टेस्ट मागवायला सांगेल. नको. तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे आणि एका साध्या रक्त तपासणीने सुटणारा आहे. सोनोग्राफी चांगली आली म्हणूनही निर्धास्त होऊ नका, हा आजार सोनोग्राफीत दिसत नाही. आणि सुनेच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. थॅलेसेमियाच्या वाहक बाईला लोहाची कमतरताही असू शकते. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून लोह द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. फॉलिक ॲसिड तर तिला लागतंच.

माझ्या टेबलाच्या खणात एक डबी आहे. तिच्यात तुरीचे आणि सोयाबीनचे दाणे आहेत. नवरा-बायको समोर बसले की मी प्रत्येकाच्या मुठीत दोन दाणे देते. वाहक असेल तर एक तूर, म्हणजे बिघडलेली प्रत, आणि एक सोयाबीन, म्हणजे चांगली प्रत. मग म्हणते, डोळे मिटून एकेक दाणा माझ्या हातावर ठेवा. दोन्ही सोयाबीन आले तर बाळ पूर्ण मोकळं. एक तूर, एक सोयाबीन आली तर बाळ आईबापासारखं वाहक, धडधाकट. दोन्ही तुरी आल्या तर आजारी, आणि दोघं वाहक असतील तर ही शक्यता चारात एक. मागे एका जोडप्याने दाणे ठेवले, दोन्ही तुरी आल्या. नवरा म्हणाला, "बरं झालं, आता पुढच्या तिघांना काही नाही." मी दोघांना दाणे परत दिले आणि पुन्हा ठेवायला लावले. पुन्हा दोन्ही तुरी. तो बराच वेळ हाताकडे बघत बसला. चारात एक याचा अर्थ चार मुलांत एक असा नसतो, दर खेपेला डाव नव्याने पडतो, हे मी तासभर बोलूनही त्याला समजलं नसतं.

मुलाचा रिपोर्ट चांगला आला, तर त्याच्या मुठीत दोन्ही सोयाबीनच आहेत. मग बाळाला हा आजार होण्याचा प्रश्न मिटला. फार तर ते सुनेसारखं वाहक होईल. सूनबाईला जवळ बसवून तो कागद वाचून दाखवा. तिच्या भावाबहिणींनाही तपासायला सांगा, त्यांच्यापैकी प्रत्येकाची शक्यता निम्मी आहे. मग तुम्ही सगळे त्या बाळंतपणाच्या तयारीला लागा.

वाहक निघाला तर मात्र पुढचं पाऊल लगेच उचलायचं, आणि म्हणूनच मी आठवडे मोजते आहे. आधी दोघांच्या रक्तातून डीएनए तपासून जनुकात नेमका कुठे बिघाड आहे ते शोधतात. मग अकराव्या आठवड्यानंतर, चौदावा लागण्याच्या आत, वारेचा बारीक अंश काढून बाळाकडे कोणते दाणे आलेत ते पाहतात. ती वेळ हुकली तर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढून तेच करता येतं. गर्भपाताचा धोका असतो, पण तो शंभरात एखादा किंवा त्याहूनही कमी. मुंबईला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची रक्ताच्या आजारांवरची राष्ट्रीय संस्था आहे, एनआयआयएच, तिथे हे काम वर्षानुवर्षं होतंय. नागपुरातही कुठे होतं ते तुमचे डॉक्टर किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतील. ही तपासणी नोंदणी असलेल्या केंद्रातच होते, सुनेची लेखी संमती घेऊनच होते, आणि मुलगा की मुलगी हे तिथे कुणी सांगणार नाही. विचारूही नका, तो गुन्हा आहे.

आणि दोन्ही तुरी आल्या तर? हे लिहिताना मी अडखळते, कारण माझ्या ओळखीची मेजर असलेली मुलं आहेत. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायला डे केअरला येतात, शरीरात साठलेलं लोह काढायला रोज गोळ्या घेतात. त्यातला एक यंदा बी.कॉम.ला आहे. काहींना भावंडाचा बोनमॅरो जुळला आणि ती बरी झाली. सख्खं भावंड जुळण्याची शक्यताही चारात एकच असते. काही लहानपणीच गेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्ही आहेत, त्यामुळे थोडा आधार मिळतो. पण आईबापांचं सगळं आयुष्य रक्ताच्या पिशवीभोवती फिरतं, हे खोटं नाही. गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय कायद्याने त्या बाईचा आहे. तिची संमती लागते, नवऱ्याची नाही आणि सासूची तर नाहीच. तुम्ही तिला काय करावं ते सांगू नका. तिने काहीही ठरवलं तरी तिच्या बाजूला उभ्या राहाल, एवढं मात्र आजच सांगा, रिपोर्ट येण्याच्या आधी. रिपोर्ट आल्यावर सांगितलेलं तिला वेगळं ऐकू येईल.

मुलीचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण तुमच्या मनात तो पहिला आहे हे मला समजतं. मुलगा वाहक निघाला तर मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. तिचंही रक्त तपासून घ्या, लग्न ठरायच्या आधी. वाहक निघाली तर तिच्या लग्नाला काहीही अडचण नाही. फक्त समोरच्या मुलाचंही रक्त तपासायचं. तो चांगला असेल तर विषय संपला. तोही वाहक असेल तरी लग्न करू नका असं मी म्हणणार नाही, पण दोघांना माहीत असू द्या. सायप्रस नावाच्या छोट्या बेटावर दर सात माणसांत एक थॅलेसेमियाचा वाहक आहे. तिथे लग्नाआधी तपासणीचा दाखला आणायची पद्धत पडली. लग्नं व्हायची थांबली नाहीत, आजारी मुलं जन्माला येणं मात्र जवळजवळ थांबलं. पत्रिकेसाठी आपण चार गावं फिरतो, ताई. हा एक कागद त्या पत्रिकेसोबत का नसावा? गावात बोभाटा होण्याची भीती वाटत असेल तर हे ध्यानात ठेवा की तुमचे डॉक्टर रिपोर्ट कुणालाही सांगणार नाहीत, ते त्यांना बंधनच आहे. बोभाटा झाला तर तो घरातून होतो, आणि बहुधा 'त्यांनी लपवलं' या वाक्याने त्याची सुरुवात होते.

मुलगा ऐकत नसेल तर वाद घालू नका. त्याला म्हणा, चल, मीही देते रक्त. यजमानांनाही घ्या, मुलीलाही. चौघांनी एकाच बाकावर बसून दंड पुढे केले की 'मला काय झालंय' हा प्रश्नच निघत नाही. आणि सुनेला जे एकटीने ऐकावं लागलं ते घरातल्या सगळ्यांचं होतं. जाताना तिलाही सोबत घ्या, तिला वाटलं तर.

राहिलं एक काम, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. मोठ्या जाऊबाईंकडे त्या मुलाची जुनी कागदं असतील. नागपूरच्या एखाद्या दवाखान्याची फाइल, रक्ताचा एखादा रिपोर्ट. आया असं काही टाकत नाहीत. त्यात सिकलिंग किंवा इलेक्ट्रोफोरेसिस असा शब्द कुठे दिसला तर तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आपल्या पोराला काय झालं होतं, हे त्या माउलीला आजवर कुणी नीट सांगितलं असेल असं मला वाटत नाही. उलट तिच्याच नशिबावर आणि पायगुणावर खापर फुटलं असेल. तिला फोनवर विचारू नका. घरी जा, दुपारच्या वेळी, एकट्या.